रुखवतातली सोनेरी बाई

“सुनंच्या रुखवतात बाहुली तेवढी वजनदार. बाकी समदं हलकंच.”

कमलबाई हे आपल्या जावेला, सरजाबाईंना, स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. त्यांची नवी सून राजेश्री तेव्हा रिकाम्या कपबश्या घेऊन दाराशी आली होती. तिनं ऐकलं आणि समोरच्या शोकेसमधून मीही ऐकलं. ती वजनदार बाहुली बोलतेय मी.

खरं म्हणजे मी बाहुली नाहीच. मुंबईत दरवर्षी सिनेमावाल्यांचा पुरस्कार सोहळा होतो. तिथं नटनट्या जिला छातीशी धरून रडतात, ती मी. अंग पितळेचं, वर सोन्याचं पाणी, दोन्ही हात आभाळाकडे. त्या दिवशी आम्ही बहिणी टेबलावर ओळीनं उभ्या होतो. हिरो-हिरोइनकडे गेल्या त्यांचे फोटो निघाले. मी आवाजाच्या कामासाठीची. आमचा नंबर जाहिरातींच्या वेळात लागतो. तुम्ही घरी साबण बघत असता. राजेश्री मंचावर आली तर माईकवाला चहाला गेलेला. मग तिनं आभार मलाच सांगितले.

काम मात्र तिचं झकास. पडद्यावर हिरोइन भाकरी थापते, तो आवाज स्टुडिओत मागाहून काढलेला, राजेश्रीच्या हातांचा. हिरोइन पाचोळ्यातून पळते, ते पाय राजेश्रीचे. हिरोइन बिचारी शूटिंगला गादीवरून पळाली होती.

पुढे सेलूच्या भागवतचं स्थळ आलं. सिनेमाचं नाव काढलं तर सोयरीक मोडेल, या धास्तीनं राजेश्रीच्या आईनं “पोरगी कॉम्प्युटरचं काम करती” एवढंच सांगितलं. पण मला मागं ठेवायला तिचा जीव होईना. रुखवतात मांडावं, तर अंगावर चिंधी नसलेली बाई व्याह्यांपुढे मांडायची कशी? मग तिनं मला जरीकाठी लुगडं नेसवलं, नथ चिकटवली, वर केलेल्या हातांत इवलीशी कळशी दिली. पायाशी कोरलेलं राजेश्रीचं नाव निऱ्यांखाली गेलं. कळशीमुळे हात वर कशाला, हे कुणी विचारलंच नाही.

इथं माझं बरं चाललंय. राजेश्री धूळ झटकायला येते, निऱ्या उचलून नाव तेवढं पदरानं पुसते आणि निऱ्या पुन्हा सारख्या करते. बोलत कुणाशीच फारसं नाही. ती भाकरी थापायला बसली की भागवत म्हणतो, “हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय बघ.” ती नुसती हसते.

परवा कमलबाईंनी जाहीर केलं, पालमच्या भाचीचं, पिंकीचं लग्न आहे, तिच्या रुखवताला ही बाहुली देऊन टाकू. रुखवतातल्या वस्तू अशाच या लग्नातून त्या लग्नात फिरतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. राजेश्रीच्या हातातलं फडकं मात्र जागच्या जागी थांबलं.

आज टीव्हीवर यंदाचा सोहळा लागला. सगळे ताटं घेऊन समोर बसले. माझी एक बहीण हिरोच्या हातात चमकली.

“आगं बया,” सरजाबाई म्हणाल्या, “त्या बाईच्या अंगावर कायच न्हाई की.”

“म्हणून तर समदे टाळ्या वाजवायलेत,” कमलबाई म्हणाल्या. “आपली बाहुली बघ, कशी अंगभर नेसलेली हाय. पालमवाले खूश व्हतेल. भागवत, खोकं आण रं, आत्ताच बांधून ठिवू.”

भागवतनं खोकं आणलं. कमलबाईंनी मला उचललं. पालमला माझ्या निऱ्या कोण उचलणार? तिथं खाली कुणाचं तरी नाव आहे, हे कुणाला ठाऊक असणार? मला बोलता येत नाही. जिला येतं, ती मान खाली घालून वरणभात कालवत होती.

मग तिनं ताट बाजूला सारलं. हात धुतले. कमलबाईंच्या हातातून मला अलगद घेतलं आणि सगळ्यांसमोर निऱ्या वर केल्या.

“आत्याबाई, पिंकीला मी दुसरी बाहुली करून देते. ही त्या टीव्हीतलीच बाई हाय, मला बक्षीस मिळालेली. लुगडं तेवढं आमच्या आईनं नेसवलंय.”