वाचले, हरकत नाही

घाटकोपरच्या त्या वाचनालयात श्यामकांत ग्रंथपाल होता आणि त्याचा तोरा असा की, पोरापोरींना कुठली कादंबरी द्यावी हे त्याच्याइतकं कुणाला म्हणून कळत नाही. तेरा-चौदा वर्षांचं पोर टेबलाशी येऊन उभं राहिलं की हा त्याला चष्म्यावरून न्याहाळायचा, उठायचा आणि कपाटातून बरोब्बर एक पुस्तक काढून द्यायचा. आठ दिवसांनी पोर तोंडभर हसत परत यायचं. आईबाप म्हणायचे, मास्तरांनी दिलंय म्हणजे चांगलंच असणार. मास्तर तो कधीच नव्हता, पण सगळे मास्तर म्हणत आणि त्याला ते गोड लागे.

आता आतली गोष्ट अशी की, पठ्ठ्याने त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मुलांच्या कादंबऱ्या मोठ्या माणसाने कसल्या वाचायच्या! पण वाचकांना एक खोड असते. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा मारायचा. 'झकास', 'भिकार', 'मधला भाग फार रटाळ'. दर दिवाळीआधी ते शेरे रबराने खोडून काढायचं काम कमिटीने श्यामकांतच्या गळ्यात घातलं होतं. खोडता खोडता तो ते पाठ करायचा. एवढीच काय ती त्याची विद्या, आणि ती चार वर्षं बिनबोभाट चालली.

छप्पन साली दत्ताराम वाचनालयात आला. मालवणकडचा माणूस, परळच्या गिरणीत कामाला, टेकडीखालच्या चाळीत बिऱ्हाड. बरोबर धाकटी मुलगी सुगंधा, नववीतली. थोरली नलिनी वर्षापूर्वी दुसऱ्या जातीच्या एकाबरोबर निघून गेली होती आणि दहिसरला संसार करत होती. चाळीने परस्पर निकाल देऊन टाकला होता, कादंबऱ्या वाचून बिघडली. दत्तारामला ते पटलं असावं, कारण तेव्हापासून त्याने घरात शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरं पुस्तक येऊ दिलं नव्हतं. सुगंधा वर्षभर पाठीस लागली, तेव्हा कुठे तो एका अटीवर कबूल झाला. पुस्तक मास्तरांनी स्वतः वाचलेलं हवं आणि तसं त्यांनी चिठ्ठीवर सहीनिशी लिहून द्यायचं. दत्तारामला लिहितावाचता येत नव्हतं, पण सही ओळखू यायची.

श्यामकांतला केवढा आनंद झाला! त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाचले, हरकत नाही', आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. मग दर रविवारी एक पुस्तक, एक चिठ्ठी. लाज नावाची चीज त्याला तेव्हा माहीतच नव्हती.

सुगंधा पुस्तक घरी मोठ्याने वाचायची. दत्ताराम पाळीवरून आला की भिंतीला टेकून ऐकायचा. आधी पहारा म्हणून, मग गोडी लागली म्हणून. हे तोच येऊन कौतुकाने सांगायचा आणि श्यामकांत ते आपलंच कौतुक समजायचा.

डिसेंबरात श्यामकांतने तिला एक कादंबरी दिली. तिचा शेरा त्याला तोंडपाठ होता, 'अप्रतिम! शेवटी रडू आवरत नाही. प्रत्येक मुलीने वाचावी.' रडू म्हणजे आनंदाचंच असणार, हे याने आपल्या मनानेच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी दत्ताराम एकटाच आला. टोपी काढून हातात धरलेली. गोष्ट घर सोडून गेलेल्या मुलीची निघाली होती. त्याने ती जीव मुठीत धरून ऐकली होती, आणि नेमक्या शेवटच्या प्रकरणाशी सुगंधाने पुस्तक मिटलं होतं. डोळे दुखतात म्हणाली, दुसऱ्या दिवशी अभ्यास आहे म्हणाली. काही केल्या पुढे वाचेना.

"मास्तर," त्याने विचारलं, "ता चेडू शेवटाक घराक येता मां?"

श्यामकांतला काही कळलं नाही असं नाही. नलिनीची गोष्ट त्याच्याही कानावर होती, आणि समोर बाप उभा होता. एवढंच म्हणायचं होतं, मी वाचलेलं नाही, पुस्तक परत आलं की बघून सांगतो. पण इतक्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकलेल्या, आता जीभ कशी वळणार?

"येते तर," श्यामकांत म्हणाला. "बाप तिला जवळ घेतो."

दत्ताराम हसला आणि भरभर जिना उतरून गेला.

बुधवारी सुगंधाने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तशीच निघून गेली. श्यामकांतने उभ्या उभ्याच शेवटचं प्रकरण उघडलं. मुलगी परत येते, दार वाजवते. बाप आत जागा असतो आणि उघडत नाही. पहाटे तो दार उघडतो तेव्हा ती गेलेली असते, ती कायमचीच. श्यामकांत खाली बसला आणि पहिल्या पानापासून सगळी कादंबरी वाचली. वाचून झाल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते प्रकरण फाडून टाकावं असंही मनात आलं, आणि आलं म्हणून तो आणखीच ओशाळला.

रविवारी बापलेक दोघं आली. दत्तारामने धुतलेला सदरा घातला होता. म्हणाला, तुम्ही शेवट सांगितलात आणि रात्रभर डोक्यात तेच. पुस्तकातला बाप करतो, मग आपल्याला काय झालं? सुगंधाकडून नलिनीला कार्ड लिहून घेतलं, संक्रांतीला नवऱ्यासकट घरी ये म्हणून. परवाच पेटीत टाकलं. एवढं सांगून त्याने कोरी चिठ्ठी पुढे केली, आता दुसरं पुस्तक द्या.

सुगंधा बापाच्या मागे उभी होती. शेवट तिला माहीत होता. मास्तर खोटं बोलले, हेही माहीत होतं. तरी तिने आपल्या हाताने ते कार्ड लिहिलं होतं. तिने श्यामकांतकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नका. चौदा वर्षांची पोर बहिणीपायी याची अब्रू झाकायला निघाली होती. त्याला तिच्याकडे वर बघवेना. त्याने टाक उचलला, चिठ्ठीवर टेकवला, पण 'वाचले' हा शब्द काही उमटेना.

"दत्ताराम, मी ते पुस्तक वाचलं नव्हतं," तो म्हणाला. "एकही नव्हतं वाचलं."

सुगंधाने डोळे मिटून घेतले. दत्ताराम टेबलाजवळ सरकला.

"मगे तो बापूस?"

"दार उघडत नाही."

दत्तारामने चिठ्ठी हळूच ओढून घेतली, तिची घडी केली आणि खिशात ठेवली.

"मी उघडतलंय," तो म्हणाला. सुगंधाला त्याने पुढे घातलं आणि दारापर्यंत जाऊन वळला. "माका वाचूक येणा नाय, मास्तर. तुमका येता मां?"

आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता.