मागचा डावा पाय

प्रार्थनाघराच्या कारभाऱ्यांना भरल्या सभेत उताणं पाडायचं, हे खिळीनं आजोबांना, अप्पांना, शेवटचं पोचवून घरी येता येताच ठरवलं होतं. कसं पाडायचं एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेही कारभाऱ्यांनी आपल्या पायानं चालत येऊन सोपं करून दिलं.

“पोरी,” सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात उभे राहून ते म्हणाले, “रविवारी प्रार्थनाघरात अप्पांची आठवणसभा ठेवली आहे. मीच बोलणार आहे. माझी खुर्ची तेवढी बघ, पुन्हा डुगडुगायला लागली. दरवर्षी अप्पाच बघायचे.”

मागे त्यांचा माणूस ती खुर्ची डोक्यावर घेऊन उभा होता. उंच पाठीची, जाड हातांची, बसणाऱ्याला उगीच मोठं करणारी.

“बघते की,” खिळी म्हणाली. “अशी बघते, की जन्मभर आठवण राहील.”

“शाब्बास! अप्पांचंच रक्त.” कारभाऱ्यांनी सुस्कारा सोडला. “काय माणूस होता! एवढं झालं-गेलं, पण मनात कणभर काही धरलं नाही. तेच सांगणार आहे मी रविवारी. क्षमा करावी तर अप्पांसारखी.”

ते गेले. खिळीनं हातातली धारदार पटाशी खाली ठेवली, कारण ती हातात राहिली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

खिळी हे तिचं अप्पांनी ठेवलेलं नाव. आई-बाप लवकर गेले, आजोबांनी वाढवली. लहानपणी कारखान्याच्या भुशात एकदा बसली की ठोकल्यासारखी बसायची, उठायची म्हणून नाही. म्हणून खिळी. रंधा धरायला अप्पांनीच शिकवलं. आता कारखाना तिचा होता आणि डोकंही अप्पांचंच होतं, फक्त ते थंड ठेवायची कला तिच्याकडे आली नव्हती.

अप्पांचं सगळं आयुष्य तीन ठिकाणी गेलं : घर, कारखाना आणि प्रार्थनाघर. प्रार्थनाघरातली बाकं त्यांनी केली. प्रार्थनेत कुणी हललं तरी बाक कुरकुरता कामा नये, म्हणून एकाही बाकाला त्यांनी लोखंडी खिळा लावला नाही, सगळे सांधे लाकडाच्या खुंट्यांचे. घंटा वाजवायचं काम त्यांचं. वस्तीत कुणी गेलं, की पेटी अप्पांनी करायची, मोबदला घ्यायचा नाही. आठवणसभेच्या शेवटी घंटेचा एक टोला द्यायचा. तो टोला विरेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं, मग तो गेलेला हमाल असो नाहीतर हवेलीवाला. अप्पा म्हणायचे, मेल्यावर तरी माणसं एका मापाची होऊ द्या.

आणि त्याच अप्पांच्या बायकोला तो टोला मिळाला नव्हता.

झालं होतं ते असं. प्रार्थनाघराच्या छपरासाठी लोकांनी चांगलं लाकूड दिलं होतं. त्यातलं निम्मं कारभाऱ्यांच्या नव्या घराच्या माडीला लागलं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे छताकडे बघत गप्प होते. आजी मात्र भर सभेत उठली आणि म्हणाली, “देवाच्या डोक्यावर पत्रा आणि कारभाऱ्यांच्या डोक्यावर सागवान, हा कुठला न्याय?” लोक हसले. ते हसू कारभाऱ्यांना असं झोंबलं की त्यांनी आजीला प्रार्थनाघराचं दार बंद केलं. पुढे ती आजारी पडली आणि गेली, तर तिच्या आठवणसभेच्या दिवशी घंटाघराला कुलूप होतं. किल्ली कारभाऱ्यांच्या खिशात आणि कारभारी परगावी. अप्पा कुलपासमोर उभे राहिले आणि परत आले. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणासाठी घंटा वाजवायला ते पुन्हा हजर. खिळी तेव्हा शाळेत होती. तिला अप्पांचं सगळं पटायचं, हे एक सोडून. तेव्हापासून तिनं डूख धरला होता.

आता खुर्ची तिच्या पुढ्यात होती. बेत साधा होता. मागच्या पायाच्या सांध्यातली खुंटी आतून अर्धी कापायची, वरून सरस आणि भुसा भरून पॉलिश मारायचं. बसताना काही कळणार नाही. पण कारभारी बोलताना मागे रेलायचे आणि ‘क्षमा’ म्हणताना तर रेलणारच. मग पाय चारी दिशांना आणि क्षमा छपराला!

तिनं खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली आणि कुठला पाय हलतो ते बघायला बसली. खुर्ची हलली नाही. पुढे झुकली, मागे रेलली. ढिम्म.

“अगं, ही तर धड आहे.”

उचलून ती सपाट लोखंडी मेजावर ठेवली, तर टक्. मागचा डावा पाय अधांतरी. पुन्हा दाराजवळ, ढिम्म. पुन्हा मेजावर, टक्.

दाराजवळची एक फरशी एका अंगाला जराशी उचललेली होती. तिला ठेच लागून खिळीचा अंगठा किती वेळा फुटला होता! ती बसवून टाकते म्हटलं की अप्पा हात धरायचे. “राहू दे. कामाची आहे.” दरवर्षी कारभाऱ्यांचा माणूस खुर्ची न्यायला आला, की अप्पा तिथेच ती मांडायचे. “बस बाबा, बघून घे. हलते का?” तो बसायचा. नाही हलायची. प्रार्थनाघरात नेली की टक् टक् सुरू. मग दोष कुणाचा? जमिनीचा! कारभाऱ्यांनी व्यासपीठाची जमीन दोनदा उकरून नवी केली होती. गवंडी कंटाळून गेला होता.

खिळीनं खुर्ची उलटी केली. तीन पायांचे तळ जुने, काळपट, गुळगुळीत. चौथ्याचा तळ रंधा मारून उजळलेला, आणि रंध्याची रेघ उजवीकडून डावीकडे उतरती. कारखान्यात डावखुरा माणूस एकच होता.

डुगडुगणारी खुर्ची सरळ करायची तर लांब पाय कापतात. अप्पा दरवर्षी आखूड पायच आणखी आखूड करत होते.

ती मटकन भुशात बसली.

“आत्या!” तिनं आत हाक मारली. अप्पांची लेक पदराला हात पुसत बाहेर आली. “आत्या, हे बघ. अप्पांनी काय करून ठेवलंय.”

आत्यानं पायाकडे पाहिलं, मग खिळीकडे. “सापडलं होय तुला?”

“तुला माहीत होतं?”

“एकदा हाताला सापडले होते माझ्या. रंधा मारता मारता गुणगुणत होते. मी म्हटलं, अप्पा, शोभतं का हे? म्हणाले, घर देवाचं आहे, त्याची चाकरी मी सोडणार नाही. खुर्ची तेवढी त्या माणसाची आहे.”

“आणि देव?”

“तेही विचारलं. म्हणाले, त्याला रोज सांगतो. हो म्हणत नाही, पण नाही असंही म्हणत नाही.” आत्या खाली बसली. “लोक त्यांना संत म्हणायचे. संताची बायको गेली असती अशी, तर कळलं असतं लोकांना.”

दोघी हसल्या आणि हसता हसता आत्या रडली. तिनं डोळे पुसले, मग मेजावरची बारीक करवत पाहिली. “ही कशाला काढलीस?”

खिळीनं बेत सांगितला.

“वेडी आहेस. पडेल, दोन दिवस कण्हेल, लोक फळं घेऊन बघायला जातील. वर तोच बिचारा ठरेल.” आत्या उठली. “एका दणक्यात संपवायचं असतं, तर अप्पांना करवत चालवता येत नव्हती का?”

खिळीनं करवत जागेवर टांगली. मग पायाखाली प्रार्थनाघराच्या शिपायानं डुगडुग थांबावी म्हणून ठोकलेला चामड्याचा तुकडा कुठे उरला आहे का ते बघितलं, त्याचा एक कपटा निघाला तोही काढला, आणि अप्पांचा रंधा एकदा, फक्त एकदा, फिरवला. उजवीकडून डावीकडे जमला नाही. तिची रेघ उलटी उमटली.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. कारभारी छान बोलले. अप्पांची सेवा, अप्पांची श्रद्धा, अप्पांनी केलेली बाकं. आणि मग मागे रेलून म्हणाले, “या माणसानं माझ्यावर कधी,” टक्, “राग धरला,” टक्, “नाही.” पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

शेवटी घंटा. अप्पा नव्हते, तेव्हा ती घरच्यांनीच वाजवायची. खिळीनं दोर ओढला. टोला घुमला, सगळे उभे राहिले, कारभारीही राहिले. आवाज विरला. लोक बसले.

खिळीनं दोर सोडला नव्हता. तिनं पुन्हा ओढला.

सभा गोंधळली. “अगं, एकच असतो!” कारभारी खुर्चीतून म्हणाले. “हा दुसरा कुणाचा?”

“आजीचा,” खिळी म्हणाली. “राहिला होता. कुलूप होतं तेव्हा.”

आधी आत्या उठली. मग तो खोकणारा म्हातारा. मग बाकामागून बाक, आणि एकही बाक कुरकुरलं नाही. टोला अजून घुमत होता. व्यासपीठावर एकटी खुर्ची टक् टक् करत होती. बसलेल्या माणसाला धड बसता येईना. सगळ्या सभेचे डोळे त्या आवाजावर. शेवटी कारभारी दोन्ही हातांवर जोर देऊन उठले आणि ज्या बाईला त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं, तिच्यासाठी मान खाली घालून, आवाज पुरता विरेपर्यंत उभे राहिले. खिळीनं मुद्दाम जोरात ओढला होता. बराच वेळ लागला.

बाहेर पडताना त्यांनी तिला गाठलं. चेहरा उतरला होता, पण सुंभ जळला तरी पीळ तसाच.

“खुर्ची हलतेच आहे.”

“कारखान्यात तर हलत नव्हती. तुमच्या माणसानं बसून बघितली,” खिळी म्हणाली. “जमीन बघून घ्या एकदा.”

“पुन्हा?”

“आणि खुर्ची पाठवत जा दरवर्षी. अप्पा नाहीत म्हणून सेवा थांबायची नाही. पैसे नकोत मला.”

घरी आल्यावर ती दारातल्या फरशीला नेहमीसारखी ठेचकाळली. अंगठा चोळत तिनं अप्पांचा रंधा पुसला, त्याला तेलाचं बोट लावलं, आणि चटकन हाताशी येईल असा खालच्या फळीवर ठेवला.