राखलेली ओळ

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईंना कवितांच्या गटात सगळे चष्मेवाली म्हणत. गट फोनवरचा, माणसं एक्केचाळीस, आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. गट चालवायचे मास्तर. भूमिती शिकवून निवृत्त झाले होते, पण हातातली पट्टी काही सुटली नव्हती. इथे 'वा वा' चालत नसे. अंगठे, फुलं, टाळ्या, सगळ्याला बंदी. कविता वाचायची, तिच्यातली एखादी ओळ जवळ ठेवावीशी वाटली तर तेवढीच उतरवून खाली लिहायची. याला ते ओळ राखणं म्हणत. राखण्याजोगं काही नसेल तर गप्प बसायचं.

आता हे गप्प बसणं काय असतं ते चष्मेवालीला विचारावं. तीन वर्षांत तिच्या सगळ्या कवितांच्या मिळून चार ओळी राखल्या गेल्या होत्या. त्यांतल्या दोन एका नर्सबाईंनी, आणि त्या बाई स्वभावानेच दयाळू. शेवटी तिने मनाशी ठरवलं, या गुरुवारी शेवटची कविता टाकायची. कुणी एक तरी ओळ राखली तर राहायचं, नाहीतर मुकाट्याने गट सोडायचा आणि लिहिणंही. नवऱ्याला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तो लिफ्ट बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस. ती लिहायला बसली की "तुझं चालू दे" एवढंच म्हणायचा, आणि तिला ते फार लागायचं.

त्यात नवरा एका नव्या इमारतीच्या कामावर आठ दिवस परगावी गेला. निघताना बूट घालता घालता त्याने घराच्या सूचना सांगितल्या. तिने त्या फोनमध्ये शब्दाला शब्द टिपून घेतल्या, कारण सोबतीला तिची धाकटी बहीण येणार होती आणि तिला या घराच्या खोडी माहीत नव्हत्या. गुरुवारी दुपारी दुकानातूनच तिने कविता गटाला पाठवली आणि सूचना बहिणीला. समोर एक गिऱ्हाईक तिसरी फ्रेम चढवून "यात मी म्हातारा दिसतो का?" असं विचारत होतं. "नाही दिसत," ती म्हणाली, काड्या जरा सैल करून दिल्या आणि फोन खणात टाकला.

संध्याकाळी दुकान आवरताना बहिणीचा फोन आला.

"ताई, तू पाठवलंयस ते मी दोनदा वाचलं. चांदणं आहे, समुद्र आहे, काळीज तर तीनदा आहे. गिझरचं कुठे काही नाही. मी अंघोळ कशी करू?"

चष्मेवालीने फोन कापला. तिने गट उघडला. तिच्या नावावर तिथे हे लिहिलेलं होतं:

गिझर आधी बंद कर, मग नळ.
उलटं केलंस तर तो दिवसभर कुरकुरतो.
मागच्या दाराची कडी उचलून मग ओढ,
जोर लावू नकोस, ती समजूतदार आहे.
रेडिओ चालू ठेव.
घर गप्प झालं की तू धड जेवत नाहीस.
वरच्या फळीवरचं काही लागलं
तर खुर्चीवर चढू नकोस.
मी येईपर्यंत थांब.

आणि खाली राखलेल्या ओळींची ही रांग. अकरा जणांनी 'मी येईपर्यंत थांब' राखली होती. समजूतदार कडी चौघांनी. नर्सबाईंनी जेवणाची ओळ राखून शेजारी काहीतरी लिहिलं होतं आणि मग पुसलं होतं. वर्षभर एकही ओळ न राखलेल्या मास्तरांनी रेडिओ राखला होता.

तिथेच स्टुलावर बसून तिने ते पुन्हा वाचलं, या वेळी परक्या माणसाचं असल्यासारखं. सत्तावीस वर्षं हा माणूस तिला गिझर आणि कड्यांबद्दल सांगत होता, आणि ती मान डोलवत आलेली. तिला हसू आलं, मग रडू. आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला. इतक्या ओळी, आणि एकही आपली नाही.

गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. घरी पोचेपर्यंत तिने तोही विचार करून पाहिला. मग जिन्यातच उभं राहून लिहिलं, "ही कविता नाही, आणि माझी तर नाहीच. चुकून गेली. माझ्या नवऱ्याने घराच्या सूचना सांगितल्या होत्या. माफ करा."

मास्तरांचं उत्तर आलं. "राखलेली ओळ परत घेण्याची सोय आपल्याकडे नाही. ज्यांची आहे त्यांना पोचती करा."

ठरल्याप्रमाणे हिशेब सरळ होता. तिची म्हणून एकही ओळ राखली गेली नव्हती. शुक्रवारी सकाळी वरच्या फळीवरच्या कवितांच्या सात वह्या रद्दीत काढायच्या असं ठरवून ती खुर्ची ओढून उभी राहिली. एक पाय वर ठेवला. मग ती अकरा जणांनी राखलेली ओळ आठवली. खुर्ची तिने जागेवर नेऊन ठेवली.

नवरा पुढच्या शनिवारी दुपारी आला. हातपाय धुऊन बसल्यावर तिने फोन पुढे केला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे चाळीस लोकांना आपल्या गिझरचं कळलं?"

"त्यांना आवडलं, अहो."

"दुरुस्त करून घ्यायला हवा होता मी." मग त्याने विचारलं, "आणि तुझी कुठली जायची होती?"

तिने आढेवेढे घेतले, मग वाचून दाखवली. तो लिफ्टचा आवाज ऐकताना बसतो तसा मान खाली घालून ऐकत होता.

"पुन्हा वाच. अगदी सावकाश."

तिने वाचलं. मध्येच त्याने हात वर केला.

"हे ठेव. 'दिवसभर लोकांना विचारते, आधी बरं दिसत होतं की आता.' हे तू खरंच विचारतेस. समुद्राचं मला काही कळलं नाही."

ती ओळ तिने जागा भरायला घातली होती.

"चालू दे म्हणायचो तेव्हा वाटायचं, मध्ये बोललो तर तुझं तुटेल," तो म्हणाला. "बाकीच्या कुठे आहेत?"

"वरच्या फळीवर."

त्याने चमकून पाहिलं. "चढली नाहीस ना?"

"नाही. तुम्ही येईपर्यंत थांबले."

तो उठला, खुर्ची ओढली, आधी हाताने हलवून ती डुगडुगत नाही ना ते पाहिलं, आणि वर चढला. सातही वह्या त्याने एकेक करून तिच्या हातात दिल्या.