मेणाचं घर उन्हात

दार.

अनुयानं पुन्हा बेल दाबली. दुसऱ्या हातात ताट होतं, ताटात शेणाचं घर. वीतभर उंच, वाळून खडखडीत, आणि भिंतीवर पाच वर्षांच्या मुलीची बोटं उमटलेली.

आतलं दार किलकिलं झालं. बाहेरची जाळी बंदच. चेअरमन कमलाकररावांची सून शोभा पदराला हात पुसत म्हणाली, "बाबा आंघोळीला गेलेत हो. थांबता का?"

"थांबते."

दार लागलं. आतून क्रिकेटची कॉमेंट्री येत होती आणि कॉमेंट्रीच्या वरताण कमलाकररावांचा खोकला. न्हाणीघरातला माणूस दिवाणखान्यात कसा खोकतो?

गोष्ट.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं. काऊ भिजत चिऊच्या दारात, आणि आतून चिऊ म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला पावडर लावते. थांब.

इथवर नवीन पनवेलमधल्या पोराटोरांनाही पाठ. सोसायटीच्या हॉलमधल्या बालवर्गात अनुयानं दोन्ही घरं मुलांकडूनच करून घेतली आणि वरून झारीनं पाणी सोडलं. शेण बसलं, मेण उभं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी संजनाकडे पाहिलं. तिचे आईबाप मागच्या इमारतीच्या कामावर होते. राहायला तिथलंच सारवलेलं खोपट.

"काव काव," निनाद म्हणाला.

अनुयाच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती एवढंच म्हणाली, "गोष्ट संपली नाही. पाऊस गेला, ऊन आलं. आता काय होईल? तोंडानं नाही सांगायचं. बघून सांगायचं."

संजनानं नवं घर थापलं, वाळवलं. मेणाचं रेवाचं, म्हणजे चेअरमन कमलाकररावांच्या नातीचं. दोन्ही गच्चीत, पत्र्यावर, एप्रिलच्या उन्हात. शाळा सुटेपर्यंत चिऊचं घर पत्र्यावर पसरलेलं.

"माजं हाय तसंच हाय," संजना म्हणाली. वर्गात पहिल्यांदाच मोठ्यानं.

फाटक.

आज सकाळी वॉचमन महादेवनं संजनाला फाटकातच अडवलं. बाहेरची मुलं हॉलमध्ये नकोत, चेअरमनसाहेबांचा हुकूम. शेणाचं घर कचऱ्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवलं होतं.

"फेका म्हनले होते. मना नाय फेकवलं, बाई," महादेव म्हणाला.

संजना वळली आणि निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं. या वयात हे असं अंगवळणी पडावं, याचाच अनुयाला जास्त संताप आला. वर्ग मदतनीस बाईंवर सोपवून, ताट घेऊन, ती तरातरा जिना चढली होती.

दार.

"अजून आंघोळच चाललीय," शोभा म्हणाली. "संध्याकाळी येता का?"

"नाही. संजना उद्या वर्गात बसणार की नाही, तेवढं ऐकून जाते."

शोभानं आवाज खाली आणला. "राग नका मानू. रेवाला बरं नाही म्हणून घरी राहिलीय. त्या दिवशी घर वितळलं म्हणून रडली ना, बाबांना तेच लागलं."

"मी नाही रडले." शोभाच्या हाताखालून रेवाचं डोकं बाहेर आलं. "मी वितळलं म्हणून सांगत होते. टीचर, संजनाचं घर तुम्ही का आणलं? संजना कुठंय?"

अनुयाच्या जिभेवर बरंच आलं. सगळं खरं आणि सगळं जळजळीत. तिनं ते गिळलं.

"तेच तुझ्या आजोबांना विचारायला आले. पण ते आंघोळीला गेलेत म्हणे."

"बघून सांगते," रेवा म्हणाली आणि आत पळाली.

शोभाचा हात तिला धरायला पुढे झाला आणि हवेतच राहिला. कॉमेंट्रीत कोणीतरी बाद झालं.

रेवा परत आली. वर्गात दाखवतात तसा तळहात तिनं जाळीसमोर धरला.

"केस कोरडे. पंचा पण कोरडा. दोन्हीला हात लावून बघितला."

आत टीव्ही बंद झाला.

अनुयानं ताट उंबऱ्यापाशी ठेवलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

"एकदा बघून भागतं का, रेवा?" तिनं वर्गातल्याच आवाजात विचारलं.

"नाही."

"मग?"

"परत बघायचं," म्हणत रेवा पुन्हा आत पळाली. या वेळी शोभानं तिला अडवलं नाही. शोभाचा हात जाळीची कडी काढायला गेला होता.