मधल्या अंगणाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मण्यांचा पट्टा आहे, आणि विसरून जाणं माझ्या स्वभावात नाही.

मुग्धाने मला शाळेच्या प्रकल्पासाठी विणलं. मणी इतवारी बाजारातले, साध्या काचेचे. माझे पूर्वज मात्र समुद्रापार, उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी लोकांकडचे, शिंपल्याच्या मण्यांचे. त्यांना वाम्पम म्हणतात. ते दागिने नव्हेत, दिलेले शब्द आहेत. माझी नक्षी त्यांचीच: पांढरी नदी, तिच्यात दोन जांभळ्या रेघा, म्हणजे शेजारून चालणाऱ्या दोन नावा. कोणी कोणाचं सुकाणू धरायचं नाही. असा पट्टा हातात घेऊन तो शब्द वारंवार मोठ्याने म्हणायचा असतो.

मुग्धाच्या आजीला, यमुताईला, हे फार पटलं. तिचे मुलगे, म्हणजे मुग्धाचे वडील रुपराव आणि धाकटा अश्विन, तेव्हा हिंगण्याच्या घराची वाटणी करत होते. तिने माझं एकेक टोक दोघांच्या हाती दिलं.

"म्हना गा. दोन चुली, मधलं अंगण दोघायचं. कोनी कोनाले अडवाचं नाही."

दोघांनी म्हटलं. रुपरावचा हात घामेजला होता. मी तेव्हाच लक्षात ठेवलं.

दरवर्षी यमुताई हे म्हणवून घेई. नऊ वर्षं माझं कौतुक झालं. मग ती गेली. महिनाभरात रुपरावने आपला टेम्पो ठेवायला अंगणात भिंत घातली. नळ त्याच्या बाजूला, अश्विनचं दार भिंतीआड. अश्विनची बायको भावना गल्लीला वळसा घालून पाणी नेऊ लागली.

"दादा, आईसमोर काय म्हटलं होतं आपन?" अश्विनने विचारलं.

"लेकरायचा खेळ होता तो," रुपराव म्हणाला, आणि त्याने मला टेम्पोच्या आरशाला टांगलं. लिंबू-मिरचीच्या शेजारी.

तिथून मी मोजत राहिलो. भावनाच्या रोजच्या सहा फेऱ्या. दोन उन्हाळे. माझा जांभळा रंग उन्हात विटला, राग नाही.

मग मुग्धाच्या सोयरिकीला खापरखेड्याचे पाहुणे आले. मुलाचे आजोबा दादाजी टेम्पोपाशीच थांबले.

"हे काय लटकवलं गा?"

"शोभेचं हाय, मामाजी."

मुग्धाने मला काढून बापाच्या हातात ठेवलं. "ज्याच्या हाती असते, त्यानं म्हनाचं असते. म्हना, बाबा."

"आता काहून वं?"

"मी उद्या त्यायच्या घरी शब्द देनार हाय. तो पाळाचं कोनापासून शिकली म्हनून सांगू?"

रुपराव पुटपुटला, "दोन चुली... मधलं अंगण..." आणि अडकला.

दादाजींनी भिंतीकडे पाहिलं. "कोनतं अंगण, रुपराव? मले तर दिसत नाही. दिसलं म्हनजे कळवा. चहा तवाच घेऊ."

पाहुणे तसेच परतले. रुपरावचा तळहात पुन्हा घामेजला होता, आणि मित्रांनो, या वेळी मला तो ओलावा फार आवडला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः भिंतीवर घण घातला. अश्विन मदतीला निघाला, तर भावना म्हणाली, "बसा जी. त्यायले एकट्यानं बांधता आली, पाडताही येते." मग पडलेल्या विटांवरून, भरली बादली घेऊन, ती सरळ आपल्या दारात गेली.

आता मी अंगणातल्या खिळ्यावर असतो. माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. तुमच्या घरात असा एखादा दिलेला शब्द टांगून ठेवलेला असेल, तर तो खाली काढा, आणि ज्याने मोडला त्याच्याच हातात द्या. पाहुणे बसलेले असताना.