पिवरीला हिरवा हात

आमच्या मोटारीचं बारसं कोणी केलं नव्हतं. लढाई संपल्यावर सरकारने मोडीत काढलेली लॉरी ती. सोमाजी, म्हणजे आमच्या घरचे, लढाईत अशाच लॉऱ्या हाकत होते, त्यामुळे हिचं दुखणंखुपणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मागे फळ्यांची बाकं ठोकली, वर टप बसवला आणि दुकानात होता म्हणून पिवळा रंग फासला. वडसा-कुरखेडा रस्त्यावरच्या लोकांनी मग आपोआपच तिला पिवरी म्हणायला सुरुवात केली. पाटी वाचणारी माणसं त्या रस्त्याला थोडीच. पिवळं दिसलं की हात वर करायचा, एवढं शिक्षण पुरत होतं.

माणसं आत कोंबायचं काम माझं. बाईमाणूस मोटारीच्या दारात उभं राहतं म्हणून वडशातले हसणारे हसले, मग त्यांनाच जागा पाहिजे असली की ‘गोकुळाबाई, गोकुळाबाई’ करायचे.

बाजाराच्या दिवशी पहाटे आम्ही रिकामे कुरखेड्याला जायचो आणि तिकडून माणसं भरत वडशाला यायचो. वाटेत एक मोहाचा फाटा लागायचा. तिथे बुधरी बसलेली असायची, पुढ्यात मोहफुलांची टोपली. तिचं गोंडांचं गाव आत रानात होतं. माझ्याशी ती आमच्या बोलीत बोलायची आणि माझ्या लुगड्यांना नावं ठेवायची. एका बाजारी मात्र वडशाला उतरताना तिने माझा हात धरला.

“बाई, आमच्या मंगलीचं लेकरू पोटात आडवं हाये. सुईण म्हणते, माह्या हातचं नाई हे, वडशाच्या नर्सबाईकडे ने. तिले चालवत नाई. पिवरीत घेशीन का?”

“घेशीन का म्हणजे? पुढं डायवरजवळ बसवतो तिले.”

“मंग पुढच्या बाजारी घेऊन थांबतो फाट्यावर. पहिलं लेकरू गेलं तिचं. हे तरी...” पुढचं तिने टोपलीतच ठेवलं.

मंगली तिची एकुलती एक लेक. माझ्यासमोर परकरातली लुगड्यात आली होती.

नेमकं त्याच आठवड्यात चांद्याला मोटार पास करायला न्यायची होती. साहेबाने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ही मोटार आहे की गंजका डबा? रंग लावून आणा, नाहीतर बंद.

पेंटरकडे न्यायची ऐपत नव्हती. मोटार अंगणात उभी केली आणि आम्ही दोघं तिला भिडलो. मी खुरपी आणि विटेचे तुकडे घेऊन गंज खरवडायची, सोमाजी माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घासलेटात बुडवून पुसायचे. उघड्या पडलेल्या लोखंडाला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावला, म्हणजे गंज पुन्हा धरत नाही. शेजारची गुणाबाई पाणी भरायला निघाली होती, ती घागर घेऊन तिथेच थबकली.

“अवो माय! मोटारीचा मारुती केला का वो?”

“हो. आता तुह्या सुनेले म्हण, नवस बोल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुढच्या दिव्याला रुईच्या पानांची माळ. कोणी घातली कळलं नाही, पण सोमाजींनी ती काढली नाही. शेंदरी मोटारीपुढून जाणारी म्हातारी माणसं गमतीने का होईना, हात जोडून जात होती. ती तशीच ठेवली असती तर, असं मी पुढे कितीदा तरी मनाशी म्हटलं. पण शेंदरी मोटार कोणता साहेब पास करणार?

दुकानात पिवळा नव्हता. नागपूरहून यायचा होता, तो कधी येईल ते नागपूरच जाणे. हिरवे डबे मात्र होते. जंगल खात्याच्या बंगल्याची दारं-खिडक्या रंगवायला मागवलेले, त्यातले उरलेले, म्हणून दुकानदाराने स्वस्तात दिले. सोमाजी खुशीत घरी आले.

“रानात हिरवं शोभून दिसते,” म्हणाले.

गुणाबाई म्हणाली, “सोमाजीभाऊ, पिवरीले हिरवं फासता, मंग लोक ओळखतीन कसे?”

“आवाजावरून. अशी खोकणारी मोटार अख्ख्या जिल्ह्यात दुसरी दाखव मले.”

डबे पुरेनात म्हणून मी चुलीवर जवसाचं तेल उकळून त्यात घातलं. रंग पुरला, पण वाळेना. चैताचं ऊन असूनही बोट लावलं की बोट हिरवं. कोंबडीचं पीस, बांबूचं सुकलेलं पान, एक अख्खा भुंगा, सगळे तिच्या अंगावर कायमचे राहायला आले. कुंचल्याचे ओघळ टिपं गाळल्यासारखे दिसत होते. तरी चांद्याच्या साहेबाने पास केली. बोट मात्र त्याने आपल्या शिपायाच्या रुमालाला पुसलं.

बाजाराच्या दिवशी सोमाजींनी लढाईतला खाकी शर्ट घातला. इतके दिवस जपून ठेवलेला, मोटार नवी झाली म्हणून बाहेर काढला. मी ड्रायव्हरजवळच्या जागेवर मंगलीसाठी गोधडीची घडी घातली.

कुरखेड्यात गाववाले बसले, रंगाला हसले. पुढे रस्ता सगळा रिकामा. जिथे पाच-सहा हात वर व्हायचे तिथे एकही नाही. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला लाकडाची मोळी पडलेली, मोळीचा धनी नाही. मला वाटलं, पुढच्या गावाला काही सण असेल.

मोहाच्या फाट्यावरही कोणी नव्हतं. बुधरीची टोपली होती, कलंडलेली. फुलं मातीत सांडली होती.

सोमाजींनी भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. खाली उतरून रानाच्या तोंडाशी गेले आणि हाका मारू लागले. “बुधरी! ओ बुधरी!” हाका मारत बरेच आत गेले. एक पाखरू तेवढं उडालं.

मागून देवाजी दाणेवाला ओरडला, “सोमाजी, फॉरेस्टवाल्याची गाडी घेऊन हिंडतेस, खाकी घालतेस, आन् लोकाईले हाका मारतेस? कोन येईन बाप्पा?”

सगळी मोटार हसली. सोमाजी परत येत होते ते वाटेतच उभे राहिले. त्यांनी एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा मोटारीकडे. जमीनदाऱ्या गेल्या आणि आसपासचं रान खात्याकडे आलं, तेव्हापासून तशीच हिरवी जीप रस्त्याने फिरायची. मागच्याच महिन्यात बुधरीच्या गावचे दोघं बांबू तोडल्याबद्दल तिच्यात घालून नेले होते. हे आम्हाला ठाऊक होतं. वडशाच्या दुकानात उभं राहिल्यावर ते आठवलं नाही, एवढंच.

त्यांनी तिथेच शर्ट काढला आणि नुसत्या बंडीवर पुन्हा हाका मारल्या. रानातून उत्तर आलं नाही. मागे लोक बाजाराची घाई करू लागले. शेवटी निघालो. गोधडी माझ्या मांडीवर होती.

संध्याकाळी परत येताना फाट्यावर बुधरीचा नवरा जंगू एकटाच रस्त्याच्या मधोमध उभा होता. मोटार बघून हलला नाही. अगदी जवळ आल्यावर त्याने काचेतून सोमाजींचं तोंड पाहिलं.

“सकारी तू होता?”

सोमाजींनी हो म्हणून मान हलवली.

“आवाज पिवरीचा वाटला,” जंगू म्हणाला. “पर रंग त्याईचा. आन् आमी मंगलीले खाटल्यावर आणलं होतं. खाटल्याचे बांबू सकारीच तोडले होते, ओले. पकडतीन म्हून उचललं आन् आत पळालो. मंग खाकीवाला हाका मारत आत येऊन राह्यला. आमी नाल्यापलीकडे पळालो.”

“मी तर नाव घेऊन हाका मारत होतो, जंगू. बुधरीचं नाव घेऊन.”

“नाव तर जंगलाचा नाकेदारबी घेते.”

मी विचारलं, मंगली कशी आहे?

“नाल्यातच गेली,” तो म्हणाला. “लेकरूबी.” मग कडेला होऊन त्याने आम्हाला वाट दिली, जशी सरकारी गाडीला देतात तशी.

दुसऱ्या दिवसापासून सोमाजी अंगणात मोटार घासू लागले. वीट, खुरपी, राख, घासलेट. इतके दिवस न वाळलेला तो रंग आता सुटायला तयार नव्हता. नखं हिरवी झाली, मग लाल. चार हात जागेत पिवळं निघालं, कुठे त्याआधी शेंदूर निघाला, कुठे नुसतं लोखंड. मी म्हटलं, पुरे करा. ते म्हणाले, “दारं तरी होऊ दे.” रुईची माळ केव्हाच सुकली होती, ती मी काढून परसात टाकली.

मोटार त्या तिरंगी अवतारातच चालू लागली. देवाजी तिला गोधडी म्हणायचा. हळूहळू रस्त्यावरचे हात पुन्हा वर व्हायला लागले. जंगूसुद्धा बसायचा.

बुधरी मात्र बसली नाही. डोक्यावर टोपली घेऊन वडशापर्यंत पायी जायची. आम्ही मागून आलो की सोमाजी वेग कमी करायचे आणि मोटार तिच्या बाजूने तिच्याच चालीने चालवायचे. मी दारात उभी असायची. जागा आहे म्हणून हात पुढे करायची. ती आमच्याकडे बघायची नाही. पुढचं वळण आलं की टोपली सावरायची आणि आम्हाला वाट द्यायला रस्त्याच्या कडेला होऊन उभी राहायची.