आईची चटई धरली तो दिवस

दुकानातल्या फ्रीजरखाली सकाळपासून पाणी साचत होतं. दोन गिऱ्हाइकांनी सांगूनही तिथे कुणी फडकं मारलं नाही की पाटी ठेवली नाही. मी घसरले ती उजव्या हातावर. मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले, आणि वृद्धाश्रमातलं माझं कपडे धुण्याचं काम गेलं. ओली चादर पिळणं सोडा, उचलताही येईना. त्याची भरपाई मागायला दीड वर्षाने आम्ही ब्रिस्बेनमध्ये एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर बसलो होतो: मी, माझी धाकटी बहीण लोसा आणि आमची वकीलबाई ब्रॉनविन. समोर दुकानाच्या विमा कंपनीचा वकील. भला माणूस दिसत होता. त्याने मला पाणीसुद्धा ओतून दिलं.

मग त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

पडद्यावर आमच्या चर्चचा हॉल होता, विमा कंपनीच्या कुणीतरी गाडीत बसून उघड्या दारातून टिपलेला. पाच महिन्यांपूर्वीचा, आईच्या अंत्यविधीचा दिवस. एका टोकाला लोसा, दुसऱ्या टोकाला मी, मधे आईची बारीक विणीची चटई, आमच्यात अंत्यविधीला मानाने मिरवतात तशी. आमचे हात खांद्याच्या वर. साऱ्या पाहुण्यांसमोरून आम्ही ती मिरवत नेली आणि तिचा काठ कुठेही लोंबला नाही.

"मेल्याने शूटिंग बरं केलंय," लोसा आमच्या सामोअन भाषेत पुटपुटली. "आपल्या पोरांनी नुसती लोकांची डोकी टिपली होती."

"अशा किती धरल्या?" वकिलाने विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

ब्रॉनविनने कपाळाला हात लावला, दहा मिनिटं मागून घेतली आणि आम्हाला बाहेर काढलं.

"सिनिवा, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"आईचं होतं ते. त्याचा दुकानाशी काय संबंध?"

"दुसऱ्या कुणी धरली असती तर चाललं नसतं?"

लोसा हसली. "बाई, थोरली लेक जिवंत असताना दुसरीने धरायची? गोतावळ्यात नाक कापलं असतं आमचं. त्यापेक्षा मोडका हात परवडला."

"नंतर हात सुजला होता का?"

"आठवडाभर," मी म्हटलं.

"मग वाट आहे. धरताना दुखत होतं का, असं तो विचारेल. तू हो म्हण. बाकी मी बघते."

मी मान हलवली. आई गेल्यापासून मी सगळ्यालाच मान हलवत होते. रडूसुद्धा आलं नव्हतं. लोक म्हणायचे, सिनिवा खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

आत गेल्यावर त्याने तेच विचारलं. लोसाने टेबलाखाली माझा पाय दाबला. पडद्यावर चित्र थांबलेलं होतं आणि आमच्या मागे शवपेटीवरच्या पांढऱ्या लेसचा कोपरा दिसत होता. आईसमोर चटई धरलेली असताना हात दुखला म्हणायचं, म्हणजे तिची चटई मला जड झाली म्हणायचं. आणि खरं तर दुखला नव्हताच. त्या दिवशी मला हात आहेत हेही कळत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "दुखलं नाही."

त्याने ते लिहून घेतलं. ब्रॉनविन तासभर भांडली. एक्स-रे झाले, डॉक्टरांची पत्रं झाली, पण त्या चित्रापुढे एकही कागद टिकेना. शेवटी जे द्यायचं ठरलं ते इस्पितळाच्या बिलात आणि ब्रॉनविनच्या फीमध्येच जाणार होतं. पुन्हा काही मागता येणार नाही, असंही करारात होतं.

"तोंडाला पानं पुसली आपल्या," लोसा म्हणाली. "एका शब्दापायी, ताई!"

"आईच्या चटईवरून खोटं बोलू?"

"मग दर रविवारी चर्चमध्ये 'मी बरी आहे' म्हणतेस, ते काय असतं?"

मी कागद मागितला.

कागद पुढे आला. सही करायला मी पेन घेतलं. ते बोटांतून निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं आणि टेबलाखाली गेलं. समोरचा वकीलच वाकला. पेन उचलून त्याने क्षणभर माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग ते माझ्या डाव्या हातात दिलं आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.